थकलेले एकोणतीस हप्ते

‘म्हातारपणाची तरतूद वेळीच करावी’ अशा अर्थाची वाक्ये मराठीत आणणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, आणि ती मी निःसंकोचपणे आणते. म्हणूनच, माझ्या स्वतःच्या अटल पेन्शन योजनेच्या खात्यात एकोणतीस महिन्यांचे खिंडार पडले होते, हे आपणांस सांगताना जरा ओशाळल्यासारखे होते.

खाते मी फेब्रुवारी 2016 मध्ये माहेरी, इंदूरला उघडले. वय पंचवीस, बी. ए. होऊन घरबसल्या भाषांतरे करीत होते. साठीनंतर दरमहा 5,000 रुपये हवे असतील, तर त्या वयाला महिना 376 रुपये भरावे लागत. 31 मार्च 2016 पर्यंत येणाऱ्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि दुसरे सामाजिक सुरक्षेचे छत्र नसणाऱ्यांसाठी सरकारही पाच वर्षे निम्मी वर्गणी, फार तर वर्षाला 1,000 रुपये, घालणार होते. “भिशीपेक्षा बरं दिसतंय,” आई म्हणाली.

सप्टेंबर 2020 पासून हप्ते थकले. कामे आटली होती. झालेल्या कामाचे पैसे एक प्रकाशक ‘आज देतो, उद्या देतो’ करीत होता. आईच्या औषधांना मात्र ‘उद्या’ चालत नव्हता. भिशी चुकली असती तर शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या असत्या. बँक दारात येत नाही. खाते रिकामे असले की हप्ता वळता होत नाही, इतकेच.

फेब्रुवारी 2023 मध्ये दिल्लीच्या या नोकरीचा पहिला पगार हाती आला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. थकबाकी 10,904 रुपये. विलंबाबद्दल दर शंभर रुपयांमागे किंवा त्याच्या अंशामागे महिन्याला एक रुपया, म्हणजे माझ्या प्रत्येक हप्त्यावर दरमहा चार. सारे मिळून साडेबारा हजारांच्या घरात.

मग मन वकिली करू लागले. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. 2050 साली पाच हजारांत काय येणार? नोकरीत भविष्यनिर्वाह निधी आहेच. शिवाय आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया खोळंबली होती. खाते बंद करून भरलेले पंचावन्न हप्ते उचलावेत, हेच शहाणपणाचे वाटू लागले.

नियम वाचले तेव्हा थबकले. मुदतीपूर्वी बाहेर पडणाऱ्याला त्याचे पैसे आणि त्यांवरील उत्पन्न खर्च वजा जाता मिळते. सरकारचा वाटा मिळत नाही. आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून प्राप्तिकर भरणाऱ्याला योजनेत नव्याने येताच येत नाही. माझ्या पगारावर तर कर लागणार होता. म्हणजे एकदा बाहेर पडले की दार बंद.

इंदूरला फोन करून सारा हिशेब आईला सांगितला. बाबा छापखान्यात होते. ते गेल्यावर एक तारखेला घरात काहीच येईनासे झाले, हे ती कधी बोलून दाखवीत नाही. तिने एवढेच विचारले, “अगं, हे पैसे तुझ्या नावावर येणार की नवऱ्याच्या?”

“माझ्याच. माझ्यामागे नवरा असला तर त्याला.”

“मग भर. डोळ्याचं चैत्र सरल्यावर बघू.”

दुसऱ्या दिवशी मी त्या खात्यात तेरा हजार टाकले. थकलेले हप्ते दंडासह आपोआप वळते झाले. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही ठेवता येतो, हे तेव्हाच कळले. आता तो सहामाही आहे. आईचा डोळा मे महिन्यात झाला, त्यासाठी मात्र मला मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले.