दोन नद्यांच्या बेचक्यात

गुरुवार, ग्राफ्टन ते ब्रसेल्स

मागच्या भागात आपण सेंट लुईसहून मिसिसिपीच्या काठाकाठाने ग्राफ्टनपर्यंत आलो होतो. आज सकाळी भाचीने गाडी इलिनॉय नदीवर आणली आणि इंजिन बंद केलं. पुढे डांबरी रस्ता उतरत थेट पाण्यात शिरत होता. आमच्यापुढे एक पिकअप आणि चाऱ्याचे गठ्ठे भरलेला ट्रेलर. पलीकडून फेरी निघाली होती. फेरी म्हणजे सपाट लोखंडी तराफा आणि त्याला कुशीला जोडलेली टगबोट. फळी खाली टेकली, गाड्या चढल्या, कुणी गाडीतून उतरलंसुद्धा नाही. पाच मिनिटांत पलीकडे.

मी पाकीट काढून बसलो होतो. फेरीवाला म्हणाला, "हायवेवर चालायचे पैसे देता का? मग इथे कशाला?" ही फेरी इलिनॉय राज्याचं परिवहन खातं चालवतं. सरकारी हिशेबात ती रस्त्याचाच तुकडा आहे.

पलीकडे कॅलहून काउंटी. नकाशात पाहिली तर खाली लोंबणारं बोट. पश्चिमेला आणि दक्षिणेला मिसिसिपी, पूर्वेला इलिनॉय नदी, दोघी ग्राफ्टनपाशी एकमेकींना मिळतात. जमिनीने चालत जायचं तर फक्त उत्तरेकडून. जमीन साधारण 658 चौरस किलोमीटर आणि 2020 च्या जनगणनेप्रमाणे माणसं 4,437. माझं गाव कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यात. तालुका आकाराने याहून लहान आणि 2011 लाच लोकसंख्या साडेतीन लाखांच्या वर. फेरीवरून उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत आम्हाला माणूस दिसला तो एकच, ट्रॅक्टरवर, आणि त्याने हात केला.

गंमत अशी की कागदोपत्री ही काउंटी सेंट लुईस महानगराच्या हद्दीत मोडते. इथले लोक मात्र तिला 'किंग्डम' म्हणतात, कॅलहूनचं राज्य.

शुक्रवार, ब्रसेल्स आणि मेपेन

ब्रसेल्स म्हणजे चर्च, दोन-चार गल्ल्या आणि दीडशेच्या आतबाहेर वस्ती. जवळच मेपेन. उत्तर जर्मनीतल्या एम्स नदीकाठीही मेपेन आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तिकडून आलेल्यांनी नाव सोबत आणलं. वर मिसिसिपीकाठी हॅम्बर्ग आहे. मधल्या टपालपेट्यांवरही जर्मन आडनावंच जास्त. काउंटीचं स्वतःचं नाव मात्र जॉन कॅलहून या दक्षिणेतल्या, गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं. 1825 साली काउंटी झाली त्याच वर्षी तो देशाचा उपाध्यक्ष झाला. इलिनॉय हे गुलामगिरी नसलेलं राज्य होतं. नावं देताना कुणी एवढा विचार करत नाही, आपल्याकडेही नाही.

इलिनॉय म्हटलं की सपाट मैदान आणि क्षितिजापर्यंत मका, अशी आपली समजूत. ती खोटीही नाही, कारण हिमयुगातल्या हिमनद्यांनी राज्याचा बराचसा भाग इस्त्री केल्यासारखा करून ठेवला. हा तुकडा मात्र त्यातून सुटला. म्हणून इथे डोंगर आहेत, चुनखडीचे कडे आहेत, घळी आहेत. कड्यांच्या माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर, मऊ माती. खाली नदीलगत मळीची जमीन, तिथे मका आणि सोयाबीन. मधल्या उतारांवर फळबागा. उतारावर थंड हवा साचून राहत नाही, खाली घसरते, त्यामुळे वसंतातल्या कडाक्याच्या थंडीत मोहोर वाचायची शक्यता जास्त असते.

ऑक्टोबर आहे, पीचचा हंगाम उलटला. रस्त्याकडेच्या शेडमध्ये सफरचंदं होती. बागवालीने चाकूने एक चिरून अर्धं मला, अर्धं भाचीला दिलं आणि पातं पालथ्या पंजावर पुसलं. तिच्या अंगठ्याच्या पेरावर चाकूच्या पात्याने पडलेला घट्टा होता, काळसर, चकाकणारा. फळ करकरीत आणि थोडं आंबट. मी विचारलं, सगळा माल कुठे जातो? म्हणाली, "आता लोकच येतात घ्यायला. शनिवार-रविवारी फेरीवर रांग लागते. आजोबांच्या वेळी पिंपं भरून बोटीवर चढवायचे."

त्या एका वाक्यात इथला निम्मा इतिहास आहे. वाफेच्या बोटींच्या काळात दोन नद्यांच्या मध्ये असणं हे भाग्य होतं. प्रत्येक वस्तीला धक्का आणि धक्क्यावरून सरळ सेंट लुईसचा बाजार. पुढे माल रेल्वेने आणि मग ट्रकने जायला लागला. रेल्वे या काउंटीत कधी आलीच नाही. जी नदी रस्ता होती तीच कुंपण झाली.

शनिवार, हार्डिन

काउंटीचं ठाणं हार्डिन, इलिनॉय नदीवर. इथे पूल आहे, जो पेज पूल, 1931 चा. दोन्ही नद्या धरून बाहेरच्या जगाशी जोडणारा हा एकच. दोन मनोरे आणि मधला गाळा लिफ्टसारखा सरळ वर जाणारा. आम्ही जेवून बाहेर पडलो तेवढ्यात फाटक पडलं. वरून बार्जचा तांडा येत होता, तीनच्या पाच रांगा, पंधरा बार्ज, मागून एकच बोट ढकलत होती. एका बार्जमध्ये दीड हजार टनांच्या आसपास धान्य मावतं. सगळं मिळून हजारभर ट्रकांचा माल, आणि तो पुलाच्या खांबांमधून सुईत दोरा ओवावा तसा गेला. आवाज फारसा नाही. धान्य वरच्या काउंट्यांमधलं, जाणार न्यू ऑर्लिन्सकडे. कॅलहूनने फक्त फाटकापाशी थांबायचं.

दुपारी आकडे घेऊन बसलो. 1900 साली या काउंटीत 8,917 माणसं होती. 2020 ला 4,437. एकशेवीस वर्षांत जवळजवळ निम्मी, आणि त्याच काळात अमेरिकेची लोकसंख्या चौपटीच्या वर गेली. 1940 ला थोडी उसळी दिसते, 8,207. मंदीत शहरातून माणसं गावी परतली असावीत, असा माझा आपला तर्क. नंतर एकंदर घसरणच. 2000 आणि 2010 ला आकडा पाच हजारांवर जवळजवळ स्थिर, तेव्हा वाटलं असेल की तळ लागला. पुढच्या दहा वर्षांत आणखी 652 कमी झाले. इलिनॉयच्या 102 काउंट्यांत कॅलहून खालून तिसरी. सगळ्यात खाली जी आहे तिचं नाव हार्डिन काउंटी, तिचा या हार्डिनशी गोंधळ करू नये.

कारणं ऐकायला मिळतात ती आपल्या ओळखीचीच. सगळ्या घराला उरकायचं नाही एवढं काम आता एक कंबाईन करतं. शेतं मोठी झाली, शेतकरी कमी. कारखाना नाही. कॉलेजला गेलेली मुलं परत येत नाहीत. पण मला वाटतं यावर नदीचा कर वेगळा. डोंगराळ असून नदीकाठी नसलेली गावं इतर काउंट्यांतही रोडावली, तरी तिथे निदान कुणी बाहेरचा कोपऱ्यावर गोदाम टाकतो. इथे एक पूल, तोही मधूनच वर जाणारा. सगळ्या मुक्कामात मला वाहतुकीचा एकही सिग्नल दिसला नाही.

रविवार, नटवुडकडे आणि मग हॅम्बर्ग

सकाळी पूल ओलांडून पूर्वेला नटवुडच्या बाजूला गेलो. रस्ता मळीतून जातो, उंच बांधाच्या आडोशाने. जुलै 1993 च्या महापुरात हा बांध फुटला, पुलाकडे येणारा रस्ता बुडाला, फेऱ्या बंद पडल्या. पूल जागेवर उभा आणि त्याला रस्ता नाही. 2019 च्या जूनमध्ये पुन्हा तेच.

इलिनॉय नदीचा शेवटच्या टप्प्यातला उतार नावापुरता आहे. मुखापासून वर ऐंशी मैलांत तिच्यावर एकही धरण नाही, तिची पातळी ठरते खालच्या अल्टनच्या, म्हणजे मिसिसिपीवरच्या धरणाने. मिसिसिपी चढली की इलिनॉयला पाणी ओतायला जागा मिळत नाही, फुगवटा मैलोगणती मागे सरकतो. नरसोबावाडीच्या संगमावर कृष्णा पंचगंगेला अशीच अडवून धरते हे मला कुणी शिकवावं लागत नाही. 2019 चा जून इथला, ऑगस्ट आमचा. दोन्हीकडे बांधाच्या उंचीवरून वाद आणि दोन्हीकडे दुसऱ्याचा बांध आपल्याला बुडवतो ही खात्री.

दुपारी डोंगर ओलांडून मिसिसिपीच्या बाजूला, बॅचटाउनवरून हॅम्बर्गला. गाव छोटं, दुकानं बंद. समोर मिझुरी. पाण्यावर पांढऱ्या पेलिकनांचा थवा, दोनशे तरी असतील. भाचीने फोटो काढले. आणखी काही घडलं नाही.

सोमवार, कॅम्प्सव्हिल

तीनेकशे वस्तीचं हे गाव पुरातत्त्वज्ञांना जगभर ठाऊक आहे. नदीपलीकडे, ग्रीन काउंटीत, कोस्टर नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात 1969 साली स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी खोदायला सुरुवात केली. थरावर थर निघत गेले, खालचे थर नऊ हजार वर्षांच्या आसपासचे. विद्यार्थी शेकड्यांनी आले. कॅम्प्सव्हिलमधली रिकामी घरं आणि दुकानं घेऊन त्यांत प्रयोगशाळा थाटल्या. कुठल्या घरात बिया, कुठल्या घरात हाडं, कुठे माशांचे काटे निवडत बसलेली मुलं. संशोधन केंद्र अजून आहे, वस्तुसंग्रहालयही आहे.

तिथल्या मांडणीतून लक्षात राहतो तो आहार. मासे, शिंपले, पाणपक्षी, हरणं, आक्रोडासारखी फळं. दोन नद्या आणि त्यांच्यामागची तळी, म्हणून माणसं हजारो वर्षं इथे पुन्हा पुन्हा येऊन राहिली. शेती येण्याआधी. या जागेला लोकसंख्या पेलत नाही असं कुणी म्हणू लागलं तर त्याला हे थर दाखवावेत. पेलत नाही ती आजच्या पगाराच्या नोकरीची रचना.

इथेही फुकट फेरी. संध्याकाळी धक्क्यावर बघत उभे होतो. रांगेत तिसऱ्या गाडीत नर्सच्या निळ्या कपड्यातली बाई, खिडकी खाली, सीटवर जेवणाचा डबा. नदीपलीकडे रात्रपाळी. रोज अशीच जाते म्हणाली, सकाळी परत. घर सोडणार का विचारलं तर हसली. "जमीन सासऱ्यांची, बाग आमची, पगार पलीकडचा. तिन्ही सोडता येत नाहीत."

"आणि पूर आला की?"

"मग वर फ्लॉरेन्सच्या पुलावरून वळसा. झोप जाते, नोकरी राहते." मग तिने आम्हाला विचारलं, उद्या कुठे? म्हटलं, पाइक काउंटी.

"कुठलं पाइक? ह्या बाजूचं की मिझुरीतलं?" उत्तरेला एक पाइक आणि मिसिसिपीपलीकडे दुसरं, दोन्ही त्याच झेब्युलन पाइकच्या नावाची.

ह्याच बाजूचं, भाची म्हणाली.

फळी टेकली होती. बाईने गाडी गिअरमध्ये टाकली. "मग तुम्हाला फेरी नको. सरळ वर जा. तिकडे नुसता रस्ता आहे."

(पुढील भागात : पाइक काउंटी)