घोडपदेवचं ताट

कॉटन ग्रीनला उतरून घोडपदेवला मावशींकडे गेलं, की आधी ताट येतं. नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, जवळा, लिंबाची फोड. मावशींची गिरणी कामगारांची खानावळ होती. १९८२ च्या संपात जेवणारे पांगले, हात मात्र तोच राहिला.

माझ्या गालांवर क्रीमने पुरळ उठलेलं. (महागडं क्रीम, बरं का!) मावशी म्हणाल्या, "अगं, कातडी आतून पोसते. सगळ्यांच्या मागून जेवतेस, भाजी उरते का तुला?"

नव्हतीच उरत.

पाल्यातलं 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायला फोडणीचं तेल हवं. लिंबू मात्र पानातच पिळावं, शिजवलं की 'क' घटतं. येताना दोन जुड्या घेतल्या. रात्री सगळ्यांबरोबरच वाढून घेतलं. सासूबाईंनी नुसतं पाहिलं.