ती एक रात्र

२००८ साली मला सातवा महिना लागला. माहेर लांब अकोल्याला, म्हणून पहिलं बाळंतपण रायपूरला, गुढियारीतल्या सासरीच करायचं ठरलं. पण घरी की दवाखान्यात?

सासूबाई म्हणाल्या, "माझी तिन्ही बाळंतपणं याच खोलीत झाली. आमच्या दाईच्या हाताला यश आहे."

त्यांचं म्हणणं जगावेगळं नव्हतं. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढमधली जेमतेम १४ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. मलाही घरच हवंसं वाटे. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं नीट असलं, तरी बाळ झाल्यावर रक्तस्राव कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही." मी दवाखाना निवडला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मुलगी झाली, वार पडली आणि रक्त थांबेना. इंजेक्शनं दिली, ओटीपोट चोळलं, रक्ताची बाटली चढवली. तासाभराने धोका टळला. दाराशी उभ्या सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरी आल्यावर त्यांनी त्याच दाईला बोलावलं, माझ्या मालिशीला आणि बाळाला न्हाऊ घालायला. डिंकाचे लाडू स्वतः वळले. हळूच म्हणाल्या, "पुढच्या खेपेलाही दवाखान्यातच हं, सूनबाई!"

२०१९-२१च्या सर्वेक्षणात तो आकडा सुमारे ८६ टक्क्यांवर गेला. घरची माया सव्वा महिना मिळतेच. ती एक रात्र मात्र डॉक्टर हाताशी हवेत.