धावणारा आणि राखणारा

चाकणच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या गावात माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, अजून अठरा शेळ्यामेंढ्या राखल्या आहेत. पावसाळ्याआधी त्या वीस होत्या. दोन बिबट्याने नेल्या. तेव्हापासून घरात एकच वाद चालू आहे: कुत्रा कोणता आणायचा? कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या चुलतभावाला कारवानी हवा आहे, तर तात्यांना धनगराच्या वाड्यावरचे पिल्लू. "पळणाऱ्याचं मी काय करू?" तात्या विचारतात, "माझी जितराबं जागेवर ऱ्हायली पायजेत."

भावाची ओढ मला समजते. कारवानी किंवा मुधोळ हा कुत्रा विलक्षण देखणा असतो: लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट. वासापेक्षा नजरेवर भिस्त ठेवून तो भक्ष्य गाठतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला राजाश्रय दिला. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली. त्यांत मुधोळ, रामपूर आणि राजपालयम हे तिघे शिकारी म्हणून ओळखले जाणारे. मेंढरे राखणारा हिमालयी कुत्रा तेवढा एकटा. दख्खनच्या धनगरी कुत्र्याला तिथे जागा नव्हती. धावणाऱ्याचे कौतुक होते. बसून राखणाऱ्याचे सहसा होत नाही.

वास्तविक हा फरक स्वभावाच्या मुळाशी जातो. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकांनी त्याची चांगली उकल केली आहे. लांडग्याच्या शिकारीत रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग आणि चावा अशी साखळी असते. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून शिकारी कुत्र्यातला पाठलाग धारदार केला. राखणदारात मात्र ती साखळी जवळजवळ निजलेलीच राहिली. शिवाय राखणदाराचे पिल्लू पहिल्या काही आठवड्यांतच मेंढरांत वाढवावे लागते, म्हणजे कळप हेच त्याचे गणगोत होते. बुजून पळणारी शेळी पाहिली की एकाचे पाय शिवशिवतात. दुसरा नुसती मान वर करतो.

आपल्या परंपरेत या दोन वृत्ती इतक्या फटकून नाहीत. आमच्या खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाचेच पाहा. खंडोबा शिकारीला निघणारा देव आणि कुत्रा त्याचा सोबती. पण बाणाईसाठी त्याने चंदनपुरीला धनगराघरी चाकरी करून मेंढरे राखली, असे कथा सांगते.

आज चाकणला शिकारी कुत्र्याने धावावे तरी कुठे? माळांवर कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सशामागे कुत्रा सोडणेही गुन्हा आहे. बिबट्या मात्र भिंतींना जुमानत नाही. मार्च २०२४ मध्ये तो इथल्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात शिरला होता.

म्हणून मी तात्यांच्या बाजूचा आहे. पण राखणदार बिबट्याला लोळवील, अशा भ्रमात कोणी राहू नये. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच आढळला. बिबट्या नरडे धरतो, म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसेच तसे पट्टे घालून शेतात जाऊ लागली, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. कुत्र्याने वेळेवर भुंकून माणसाला जागे करावे, एवढीच अपेक्षा रास्त आहे. जीव वाचवायचा तो वरूनही जाळी मारलेल्या बंद गोठ्याने.

खरा प्रश्न भावाने परवा विचारला. "तात्या, हे कुत्रं धा-बारा वर्सं जगंल. तवर शेळ्या कोण बघणार?" तात्या काही बोलले नाहीत. कारवानी हौसेवरही जगेल. राखणदाराला कळप लागतो. पिल्लू आणणे म्हणजे तेवढी वर्षे शेळ्या ठेवण्याचा शब्द देणे, आणि तो शब्द सत्तरीच्या तात्यांनी एकट्याने द्यावा, हे काही न्यायाचे नाही.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्या शिवारात मेंढरे बसवायला येतील. तात्या पिल्लू तेव्हा मागणार आहेत. भावाने अजून होकार दिलेला नाही. पण रविवारी तो गोठ्याचे माप घेऊन जाळीचा भाव विचारून आला.