आमच्या घरचा नाताळ

मार्गशीर्ष लागला, बालाघाटावरचा वारा बोचू लागला आणि शिवारातील शाळूच्या कणसांत दाणा भरू लागला, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांस नाताळची चाहूल लागते. चित्रांतील बर्फ व देवदाराची झाडे आम्हांकडे कोठून असणार! आमचा नाताळ येतो तो भिजत घातलेल्या तांदळांच्या वासाने, खोबऱ्याच्या किसाने आणि कढईतील तुपाच्या दरवळाने.

बालवाचकांपैकी पुष्कळांस असे वाटत असेल की, नाताळ म्हणजे केक. आमच्या घरी मात्र केकाचा क्रम सर्वांत शेवटी लागे. आरंभ होई तो अनारशांनी. कारण त्यांस धीर फार लागतो. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग फडक्यावर सावलीत वाळवून कुटावयाचे आणि गूळ मिसळून ते पीठ मुरत ठेवावयाचे. त्यामागून शंकरपाळे व चकल्या होत. करंज्यांच्या दिवशी आळीतील चार-पाच बायका आमच्या ओसरीवर जमत. एक पारी लाटी, दुसरी सारण भरी, तिसरी नक्षीच्या फिरकीने कडा कापी, आणि आम्ही मुले उरलेल्या कापणीच्या पट्ट्यांवर टपून बसत असू. हाच फराळ दिवाळीत त्या बायकांच्या घरी होई, तेव्हा आमच्या आजी त्यांच्या ओसरीवर पारी लाटावयास जात.

धर्म बदलला म्हणून आमच्या पूर्वजांच्या जिभेची चव बदलली नाही, आणि बदलावयाचे कारणही नव्हते. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व भजने रचून ख्रिस्तभक्तीस मराठी पेहराव दिला, हे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो. तेच काम आपल्या आज्यापणज्यांनी कढई आणि पोळपाट यांच्या साहाय्याने केले. त्यांची नावे मात्र कोठे छापली गेली नाहीत. गोव्याकडेही असेच आहे. तेथील ख्रिस्ती घरांतून नाताळात जो फराळ शेजारीपाजारी वाटतात त्यास ‘कुसवार’ म्हणतात. त्यात दोदोलाच्या जोडीस नेवऱ्या असतात, आणि नेवरी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली करंजीच होय. त्याच नेवऱ्या गोव्यातील हिंदू घरे चतुर्थीस करितात.

आता केकाविषयी. आमच्या आजींच्या लहानपणी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तो १९४८ सालच्या सप्टेंबरात भारतात आला. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे लातूरपर्यंत वाढली, तेव्हा येडशीचे स्थानक आम्हांस जवळ झाले. मनुका व मैदा त्या छोट्या गाडीने बार्शीहून येई, असे आजी सांगत. घरी भट्टी नसे. मोठ्या पातेल्यात चाळलेली वाळू तापवावयाची, तीत केकाचा डबा बसवावयाचा, वर झाकण ठेवून झाकणावर निखारे पसरावयाचे. म्हणजे खालून वाळूची व वरून विस्तवाची धग लागून केक फुगे. पुढे गावात पावाची भट्टी झाली. तेव्हापासून नाताळच्या आदल्या रात्री आमचे आजोबा दोन डबे पिशवीत घालून तेथे जात. पावांची घाणी निघाली की भट्टीवाले चाचा आमचे डबे लांब दांड्याच्या फळीने आत सारीत. केक होईपर्यंत आजोबा तेथेच बाकावर बसत, आणि आम्ही त्यांच्या घोंगडीत शिरून पेंगत असू.

१९८४ सालच्या डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात आजोबा देवाघरी गेले. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात वर्षभर सणाची कढई चढवावयाची नाही, हा आपल्याकडील रिवाज. शास्त्रात तो नसला तरी मनात असतो. आजींनी अनारशांचे तांदूळ भिजत घातले नाहीत. “यंदा उपासनेला जायचं आणि घरी यायचं. तळण नाही, केक नाही,” एवढेच त्या बोलल्या. आई मान खाली घालून उठली.

येथे एक गोष्ट कबूल करितो. आजोबांच्या जाण्याने आम्ही रडलो होतो. परंतु ‘केक नाही’ हे शब्द ऐकून जे रडू आले ते केकासाठी होते. ते आपले आपणांस कळले आणि फार लाज वाटली. आजोबा आपल्याला पाहत असतील या भीतीने आम्ही त्या रात्री तोंडावर पांघरूण ओढून घेतले. ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे कोणासही सांगितली नाही.

तेवीस तारखेस दुपारी शेजारच्या काकू मागल्या दाराने आल्या. त्या शुद्ध शाकाहारी; अंडे त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते. आजींच्या पायांशी बसून त्या म्हणाल्या, “आत्या, तुमच्या घरात कढई चढायची नाही, हे खरं. आमच्या घरात चढायला काय हरकत आहे? सासूबाई गेल्या त्या दिवाळीला माझ्या लेकरांच्या ताटात करंजी कुणी वाढली होती?”

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांस लावला, आणि काकूंनी तोच होकार मानला.

त्या रात्री काकूंच्या घरी दिवा उशिरापर्यंत जळत होता. करंज्या, शंकरपाळे तर झालेच; पण मुलांस केक हवा म्हणून त्यांनी आपल्या बुद्धीने तोही घातला. अंड्याऐवजी दही आणि खाण्याचा सोडा, आणि वर भूमकडचा खवा. आपल्या जिल्ह्यातील खवा व कुंथलगिरीचे पेढे प्रसिद्धच आहेत. त्या खव्याचा असा उपयोग मात्र आम्ही पूर्वी पाहिला नव्हता. चोवीस तारखेच्या रात्री काकूंचा थोरला मुलगा आम्हांस घेऊन भट्टीवर गेला. आम्हांस पाहताच चाचा बाकाकडे बोट दाखवून म्हणाले, “बसा. तुमच्या आजोबांची पाळी मी कुणाला दिलेली नाही.” आम्ही त्या बाकावर बसलो. घोंगडी तीच होती. पण ती फार मोठी वाटली.

केक मधोमध बसला होता आणि एका कडेस जरा करपला होता. सकाळी उपासनेहून आल्यावर आजींनी तो स्वतः कापला. पहिला तुकडा काकूंस दिला, दुसरा भट्टीवाल्या चाचांसाठी बाजूस काढून ठेविला, आणि मग आम्हांस जवळ घेऊन म्हणाल्या, “खा रे. आजोबांना तू उपाशी राहिलेला आवडला नसता.” त्यांस आमच्या मनातले कसे कळले, हे कोडे आम्हांस आजही सुटलेले नाही. लाजेचा तो दगड त्या घासाबरोबर उतरला.

पुढल्या वर्षापासून आमच्या घरी दोन प्रकारचे केक होऊ लागले. एक मनुकांचा, आणि दुसरा बिनअंड्याचा, खव्याचा. त्याचे नाव ‘काकूंचा केक’. आता आजी नाहीत, ती भट्टी बंद झाली, आणि आमच्या ओट्यावर विजेची भट्टी आहे. तरी काकूंचा केक दर नाताळास होतो, आणि कापला की त्याचा पहिला तुकडा घराबाहेर जातो.

ज्या गावी ख्रिस्तजन्म झाला त्या बेथलेहेमाच्या नावाचा इब्री भाषेतील अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. त्या गावी मरीयेस व योसेफास उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, हे आपण दरवर्षी ऐकतो. आमच्या घराची चूल थंड होती त्या वर्षी दुसऱ्याच्या चुलीवर व तिसऱ्याच्या भट्टीत आमचा सण शिजला; तेव्हापासून ‘भाकरीचे घर’ म्हणजे काय, ते आम्हांस शब्दकोशात शोधावे लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, या नाताळात तुमच्या ताटात फराळ येईल तेव्हा आपल्या आळीतील कोणाची कढई यंदा चढली नाही, याची आईजवळ चौकशी करा. ते घर कोणत्या धर्माचे आहे हे विचारू नका. फक्त ताट झाकून घ्या, आणि मागल्या दाराने जा.