पोफळीच्या सावलीतला बेगोनिया

कोकणात बेगोनिया रानटी उगवतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पावसाने जोर धरला की ओल्या कातळाच्या कपारीत, वहाळाच्या काठच्या दगडांवर त्याची मांसल, एका अंगाला कललेली पानं दिसू लागतात. शास्त्रीय नाव बेगोनिया क्रेनाटा. गुलाबीसर पांढरं फूल, मध्ये पिवळा झुबका. पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं आणि मातीतला इवलासा कंद पुढच्या मृगापर्यंत निजून राहतो. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि कोरड आठ महिन्यांची. या झाडाने आपलं आयुष्य त्या हिशेबाला नेमकं बसवून घेतलं आहे.

मी बोर्ली पंचतनच्या वाडीत जो वाढवतो, त्याला ही झोप ठाऊक नाही. बेगोनिया सेराटिपेटाला हे न्यू गिनी बेटावरच्या पर्जन्यवनातलं झुडूप. एडगर इर्मशर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं. बुडापासून अनेक फांद्या फुटतात, वर जाऊन कमानीसारख्या बाहेर झुकतात. पानं लहान, कडेला करवती दाते, काठ लाटांसारखे मुरडलेले. रंग काळपट तांबूस हिरवा आणि त्यावर टपोरे गुलाबी ठिपके. फुलाच्या पाकळ्यांनाही तसेच बारीक दाते असतात. सकाळचं तिरकं ऊन पोफळींतून गाळून त्या ठिपक्यांवर आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवतो, अजूनही.

विषुववृत्ताला लागून असलेल्या त्या बेटावरच्या जंगलात आपल्यासारखा लांबलचक उन्हाळा नसतो. हवेत वर्षभर ओल असते, म्हणून तिथल्या झुडपाला कंद करून लपायची गरजच पडली नाही. त्याच्या फांद्या बाराही महिने उभ्या असतात आणि बाराही महिने ओली हवा मागतात. मुंबई-पुण्याच्या गॅलरीत हे झाड धरणारे म्हणूनच काचेच्या पेटीत ठेवतात, धुकं सोडणारी यंत्रं लावतात. बोर्लीत मला त्यातलं काही करावं लागलं नाही. का, याचा विचार करता करता माझं लक्ष झाडावरून वाडीकडे गेलं.

आपली वाडी ज्यांच्यामुळे वाडी आहे, त्या झाडांची मूळ गावं पाहा. सुपारीचा मूळ प्रदेश फिलिपाइन्सच्या बाजूचा मानतात. जायफळ बांदा बेटांवरचं, लवंग मोलुक्काची. केळ माणसाने जिथे फार पूर्वी लागवडीला आणली, त्यात न्यू गिनीचं नाव पहिल्या रांगेत येतं. तिथल्या कुक नावाच्या पाणथळीत हजारो वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. ज्या समुद्रपट्ट्यात हा बेगोनिया वाढला, तिथलीच ही मंडळी. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण ती पोफळसुद्धा कधीतरी समुद्रापलीकडून आली आणि आठ महिन्यांच्या कोरडीत तिला जगवायचं कसं, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे उभा राहिला. उत्तर त्यांनी शिंपण्याने दिलं. आधी रहाट, मग पंप; पाटाने आळ्याआळ्यात पाणी, वर पोफळीचं छत, मधे केळ आणि जायफळ, खाली पाचोळा. डोंगर तापून करडा झालेला असताना मे महिन्यात वाडीत शिरलात की अंगाला जो गारवा लागतो, तो पिढ्यान् पिढ्यांच्या मेहनतीने उभा केलेला आहे. माणसाने बांधलेलं पर्जन्यवन आहे ते. बेगोनियासाठी मी वेगळं काही बांधलेलं नाही; त्यात एक जागा तेवढी शोधली.

जागा शोधणं हेच मात्र खरं काम. सरसकट सावली चालत नाही. जायफळाखाली अंधार दाट. तिथे फांद्या लांबतात, पेरं विरळ होतात आणि ठिपके फिके पडतात. नुसत्या पोफळींखाली दुपारच्या उन्हाचे कवडसे जमिनीपर्यंत पोचतात आणि पानाच्या कडा करपतात. केळीच्या पूर्वेला, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि अकरानंतर मोठ्या पानांची सावली पडते, तिथे रंग उत्तम उतरतो. केळ कापली की ही जागा हलते. म्हणून कुंड्या जमिनीत पुरायच्या नाहीत, जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवायच्या. चिऱ्यावर पाणी मारलं की तो ते पिऊन घेतो आणि दिवसभर हळूहळू सोडतो. पानांभोवती ओल राहते आणि कुंडीच्या भोकाखाली पाणी साचत नाही.

हवा ओली, मूळ मोकळं: या झाडाचं सगळं दुखणं या दोन गोष्टींची गल्लत झाली की सुरू होतं. मुळाशी कायम वाफसा हवा. मी कुजलेला पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि जांभ्याची बारीक खडी घेतो. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील, तर त्या भुशात मीठ असतं. तो गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये. समुद्राजवळच्या काही विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, तेही या पानांना सोसत नाही, कडा तपकिरी होतात. बोट मातीत पेरभर घालून बघायचं आणि वरचा थर सुकला असेल तरच पाणी द्यायचं. आळ्यात भरभरून पाणी सोडायची सवय असलेल्या हाताला हे जमायला वेळ लागतो.

आणि पावसाचं काय? पर्जन्यवनातल्या झाडाला आपल्या पावसापासून सांभाळावं लागतं, हे ऐकून लोक हसतात. पण त्या जंगलात पाऊस उंच झाडांच्या पानापानांवर फुटून खाली येतो. इथे आषाढात दिवसेंदिवस झड लागते, पन्हळी धो धो वाहतात, आणि कुंडीतली माती चिखल होते. देठाच्या बुडाशी काळा डाग आला की फांदी गेलीच. म्हणून मृग लागला की कुंड्या पडवीत, हस्त सरला की परत वाडीत. पडवीत वारा खेळता हवा, नाहीतर पानांवर भुरी चढते.

छाटणी मी परत वाडीत नेतानाच करतो. झुडपी बेगोनियाला आकार देतात तो खुडून. शेंडा काढला की खालच्या पेरांतून दोन-तीन फुटवे येतात. न खुडता सोडलं तर चारच लांब काटक्या राहतात आणि मध्ये झाड उघडं पडतं. काढलेले शेंडे म्हणजेच पुढची रोपं. दोन-तीन पेरांचा तुकडा, खालचं पान आणि कळ्या काढून, ओल्या भुशात. रेक्स बेगोनियाचं नुसतं पान ठेवलं तरी रोप होतं. याच्या पानाला मुळं फुटली तरी कोंब सहसा येत नाही, पेर हवंच.

वाडीत पाणी करायला येणारे काका एकदा फुललेल्या झुडपासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याला धरतं काय?" मी त्यांना फुलं दाखवली. एकाच झाडावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे तीन पंखांची शेंग असते. फुलाच्या मधला पिवळा, पिळदार भाग लांबून परागांसारखा दिसतो. परागाच्या आशेने माशी बसते आणि अंगावरचा पराग ठेवून रिकामी जाते. पिकलेल्या शेंगेतून धुळीइतकं बारीक बी पडतं. काकांनी शेंग नखाने उकलली, हातावरची धूळ निरखली आणि म्हणाले, "म्हणजे खायला नाही. पण धरतं खरं."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली, सगळीकडच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी मधोमध मोडल्या, जुनी जायफळं मुळासकट उलथली. वाडीत उभं राहिलं की जिथे कधी दिसलं नव्हतं तिथे आभाळ दिसत होतं. बेगोनिया त्या वर्षी मृगाआधीच पडवीत नेलेला होता, म्हणून वाचला. पण पाऊस सरल्यावर त्याला परत न्यायला वाडीत सावलीच उरली नव्हती. घरात सुपारीचं उत्पन्न बुडाल्याची काळजी होती. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, जायफळाला त्याहून जास्त. अशा वेळी एका शोभेच्या झुडपाची चिंता बोलून दाखवायचीही नसते. आम्ही आधी केळी लावल्या, कारण केळ वर्षभरात डोक्यावर जाते. तिच्या आडोशाला पोफळीची रोपं, आणि त्याच आडोशाला माझ्या कुंड्या. केळीची सावली धरून दोघंही वाढली. बेगोनियाने त्या वर्षी फूल दिलं नाही. पानं मात्र इतकी गडद झाली की त्याआधी मी तशी पाहिली नव्हती.

आता पोफळी पुन्हा डोक्यावर गेल्या आहेत आणि नवी जायफळं फांद्या पसरू लागली आहेत. केळींची गर्दी आम्ही कमी करतो आहोत, त्यामुळे यंदा हस्तानंतर कुंड्यांना नवी जागा बघावी लागेल. उत्तरेच्या बांधाशी, पहिल्या दोन जायफळांच्या मधली जागा मनात आहे. दिवेआगरच्या एका वाडीवाल्यांनी शेंडे मागितले आहेत, त्यांची वाडीही वादळातून नव्याने उभी राहते आहे. त्यांना मी आधी तिथली दुपारची सावली पाहून ठेवायला सांगितलं आहे, शेंडे त्यानंतर.