मुखपृष्ठं गेली कुठे?

जालन्यात भंगाराला तोटा नाही. सळयांच्या कारखान्यांपायी कुठकुठचं लोखंड इथे येऊन पडतं. माझी नजर मात्र रद्दीच्या गठ्ठ्यांवर. ‘सत्यकथा’, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, जुने दिवाळी अंक, काहीही चालतं. फक्त मुखपृष्ठ शाबूत हवं. आणि घोडं अडतं ते तिथेच.

याला कारण वाचनालयं. वर्षाचे अंक साठले की ते बाइंडरकडे जायचे. तो मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं आधी काढून टाकायचा, मग शिवण घालून, कडा कापून, पुठ्ठा चढवून जाडजूड खंड परत करायचा. त्यामुळे ज्यांनी अंक निगुतीने जपले त्यांच्याकडे चित्रं नाहीत. ज्यांनी ते माळ्यावर फेकून दिले त्यांच्याकडे आहेत!

अंबडच्या एका पडक्या वाड्यात मला ‘दीपावली’चे अंक मिळाले ते असेच, धान्याच्या रिकाम्या कोठीमागे. दीनानाथ दलालांनी हा अंक 1945 मध्ये सुरू केला, तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. हाती आले ते अर्थात बरेच नंतरचे. एकावर हिरव्या लुगड्यातली बाई, खाली ‘दलाल’ ही सही. पिना गंजून कागदाला तपकिरी डाग पडलेले. अशा पिना ओढायच्या नाहीत. मागची टोकं सुरीने हलकेच उभी करायची, पिन पुढून काढायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा.

दलाल रंगांचे सपाट, धीट पट्टे मारतात. रघुवीर मुळगावकरांच्या स्प्रेतून उतरलेली कांती लोण्यासारखी. मी दलालांचा. घरात मुळगावकरांचा पक्ष मोठा आहे आणि कपाटाची किल्लीही त्याच पक्षाकडे असते. ‘आवाज’ या दिवाळी अंकातल्या खिडकीचित्रांवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत. पण धड खिडकी मिळेल तर शपथ! आधीच्या वाचकांनी ती इतक्यांदा उघडलेली असते की झडप लोंबतच हाती येते.

परवा नव्या जालन्यातल्या माझ्या नेहमीच्या रद्दीवाल्याने एक ‘किर्लोस्कर’ बाजूला काढून ठेवला होता. मी किलोचा भाव विचारला. तो म्हणाला, “आतलं किलोवर घ्या साहेब. वरच्या चित्राचं वेगळं बोलू.”